मदत हवी आहे: सुपरवायझरला हाताखालच्यांच्या सॅलरी स्लिपा दिसताहेत

चाकण_एचआर
आमचं एचआर ईआरपीनेक्स्टवर (कंपनीचा कारभार चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. लाइन सुपरवायझरांना रजा मंजूर करायला लॉगिन दिलंय, पण ते आपल्या लाइनवरच्या सगळ्यांच्या सॅलरी स्लिपा उघडून बघतात. बेसिक, ओव्हरटाइम, ॲडव्हान्सची कपात, सगळं. त्यावरून आज शॉपफ्लोअरवर दोघांची चांगलीच जुंपली. या महिन्याच्या स्लिपा ड्राफ्टमध्येच थांबवून ठेवल्यात. सेटिंग नक्की कुठे आहे ते सांगा, प्लीज लवकर.

पेरोलताई
व्हर्जन कुठलं? १४ पासून एचआर हे वेगळं ॲप झालंय, त्यामुळे आधी ते लिहा. सुपरवायझरला कुठकुठले रोल (हक्कांचे गट) दिलेत? एचआर युजर दिला असेल तर कंपनीभरच्या स्लिपा दिसू शकतात. रोलची बेरीज होते, एका रोलने दिलेला हक्क दुसरा रोल काढून घेत नाही. आणि ड्राफ्ट ठेवून उपयोग नाही, वाचायचा हक्क असला की ड्राफ्टसुद्धा उघडतो.

नाशिक_लघुउद्योग
आम्ही स्लिपेची पीडीएफ पासवर्ड लावून मेल करतो. पेरोल सेटिंग्जमध्ये सोय आहे. एकदाही तक्रार आली नाही.

पेरोलताई
मेलमधली पीडीएफ कुलूपबंद होते हो, सिस्टिममधली स्लिप उघडीच राहते. त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

चाकण_एचआर
व्हर्जन १५. रोल फक्त एम्प्लॉयी आणि लीव्ह अप्रूव्हर. एचआर युजर माझ्याशिवाय कुणालाच नाही.

कोल्हापुरी_कोडर
सर्व्हर स्क्रिप्ट (सिस्टिममध्येच लिहायचा छोटा कोड) लिहा, परमिशन क्वेरी प्रकारची. सॅलरी स्लिपवर स्वतःच्या एम्प्लॉयी आयडीची अट घाला, चार ओळींचं काम आहे.

पेरोलताई
ती अट यादीला लागते. स्लिपेची लिंक ज्याच्याकडे आहे त्याला ती थेट उघडता येते, म्हणजे भोक तसंच राहतं. शिवाय १५ मध्ये सर्व्हर स्क्रिप्ट मुळातच बंद असतात, सर्व्हरवरून चालू कराव्या लागतात. पगाराच्या गोपनीयतेसाठी मी तरी हा मार्ग सुचवणार नाही.
@चाकण_एचआर, सुपरवायझरच्या एम्प्लॉयी रेकॉर्डमध्ये 'क्रिएट युजर परमिशन'ला टिक आहे का? आणि लाइनवरच्या लोकांचं 'रिपोर्ट्स टू' (वरिष्ठ कोण) भरलंय का?

चाकण_एचआर
टिक सगळ्यांनाच आहे. 'रिपोर्ट्स टू' नुकतंच भरलं, साहेबांना ऑर्ग चार्ट हवा होता. त्याचा स्लिपेशी काय संबंध?

पेरोलताई
सगळा संबंध तिथेच आहे. एम्प्लॉयी ही यादी झाडासारखी बांधलेली असते आणि 'रिपोर्ट्स टू'वरून फांद्या ठरतात. त्या टिकमुळे सुपरवायझरच्या नावाने युजर परमिशनची ओळ (कुणाच्या नोंदी बघता येतील याचं बंधन) तयार होते. ती ओळ त्याच्याबरोबर त्याच्या खालच्या सगळ्यांनाही लागू होते. एम्प्लॉयी रोलला सॅलरी स्लिप वाचायचा हक्क मुळात आहेच. दोन्ही एकत्र आले की हे होतं.
युजर परमिशनच्या यादीत ती ओळ उघडा, 'हाइड डिसेंडंट्स'ला (खालचे लपवा) टिक करा, सेव्ह. झालं.

आयटी_इचलकरंजी
मग रजा कशा दिसणार त्याला? हाताखालचे गायब झाले की अर्जही गायब.

पेरोलताई
अर्ज सेव्ह होतो तेव्हा मंजुरीदाराला हक्क नसेल तर तो अर्ज त्याच्याशी आपोआप शेअर होतो. आमच्याकडे असंच चालतं.

आयटी_इचलकरंजी
नवे अर्ज होतील शेअर. आधीच पडून असलेल्यांचं काय? आणि टीमची हजेरी त्याला बघायची असेल तर? ओळी वेगळ्या करणंच बरं. आधी एम्प्लॉयीमधली टिक काढून सेव्ह करा, जुनी ओळ जाईल. मग 'अप्लाय टू ऑल'ची टिक काढून हाताने ओळी घाला: 'ॲप्लिकेबल फॉर' सॅलरी स्लिप, हाइड डिसेंडंट्ससह. लीव्ह ॲप्लिकेशन आणि अटेंडन्ससाठी हाइडशिवाय.

पेरोलताई
आणि ज्या डॉक्युमेंटला ओळच घातली नाही तिथे काहीच बंधन राहणार नाही, हे पण सांगा ना! एक्स्पेन्स क्लेम, ॲडव्हान्स, खुद्द एम्प्लॉयी, प्रत्येकाला ओळ लागेल. टिक काढली की कंपनीची ओळपण जाते. एकाहून जास्त कंपन्या असतील तर दुसरंच काही उघडं पडेल. घाईत असलेल्या माणसाला हे सांगू नये.

आयटी_इचलकरंजी
मान्य, यादी करूनच करायचं काम आहे. पण हजेरी हवी असेल तर दुसरा रस्ता नाही.

सल्लागार_ठाणे
२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचलाय का कुणी? कर्मचाऱ्याची माहिती सुरक्षित ठेवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. लेखी ॲक्सेस पॉलिसी, दर तिमाहीला आढावा, ऑडिट ट्रेल, हे सगळं आधी हवं.

कोल्हापुरी_कोडर
त्यांना आज स्लिपा बंद करायच्या आहेत, पॉलिसी नंतर लिहितील.

चाकण_एचआर
हजेरी सुपरवायझरला लागत नाही, गेटवरच्या पंचिंगचा रिपोर्ट वेगळा जातो. म्हणून हाइड डिसेंडंट्स केलं. ॲडमिनिस्ट्रेटरने 'इम्पर्सोनेट' करून (त्याच्या जागी शिरून) एका सुपरवायझरचं लॉगिन पाहिलं: फक्त स्वतःच्या स्लिपा. लिंक टाकून पाहिली, तीही उघडत नाही. जुने प्रलंबित रजा अर्ज मी हाताने शेअर करतेय. खूप आभार, ताई.
आता एक राहिलं. वेल्डिंगच्या फोरमनने एम्प्लॉयी रेकॉर्ड बघणं गरजेचं आहे (ब्लड ग्रुप, घरचा फोन), पण त्यातच सीटीसीपण (वर्षाचा एकूण पगारखर्च) दिसतो.

पेरोलताई
कस्टमाइझ फॉर्ममध्ये सीटीसी फील्डची परमिशन लेव्हल १ करा. मग रोल परमिशन मॅनेजरमध्ये एम्प्लॉयीवर लेव्हल १ फक्त एचआर मॅनेजरला द्या. बँक खात्याचं फील्डपण त्यातच घ्या. आणि तुम्हाला स्वतःला एचआर मॅनेजर रोल आहे ना? वर एचआर युजर लिहिलंय, नाहीतर तुम्हालाच सीटीसी दिसणार नाही.