एमयूडीच्या बजेटात आधी काय: पाण्याच्या प्लांटचा जनरेटर की गस्तीची दुसरी गाडी?

तळेकाठी

पुढच्या महिन्यात आमच्या एमयूडीच्या, म्हणजे वसाहतीचं पाणी-सांडपाणी पाहणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या, बोर्डापुढे बजेट येतंय. वसाहत ह्यूस्टनच्या वायव्येला, हॅरिस काउंटीत पण शहराच्या हद्दीबाहेर. मधोमध खोदलेलं तळं, काठाने पायवाट, भोवती घरं. मराठी घरंही बरीच. बोर्डापुढे तीन मागण्या आहेत. काउंटीकडून कंत्राटावर घेतलेला एक डेप्युटी (काउंटीचा पोलीस) आहे, त्याच्या जोडीला दुसरा घ्या. पाण्याच्या प्लांटला आणि सांडपाण्याच्या लिफ्ट स्टेशनला (मैलापाणी उचलून पुढे ढकलणाऱ्या पंपघराला) कायमचे जनरेटर बसवा. आणि तिसरी, कर कमी करा. तिन्ही एका वर्षात होणार नाहीत. माझं मत: जनरेटर आधी.

जे टेक्सासात नवे आहेत त्यांच्यासाठी: एमयूडी म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. शहराच्या हद्दीबाहेर वसाहत उभी राहते तेव्हा पाणी, मैलापाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांसाठी तो स्थापन होतो. डिस्ट्रिक्ट बाँड (कर्जरोखे) विकतो, बिल्डरने पाइपांत आणि प्लांटमध्ये घातलेला पैसा त्यातून त्याला परत मिळतो, आणि बाँड आपण मालमत्ता करातून फेडतो. पाच डायरेक्टर, चार वर्षांची मुदत, वर राज्याच्या पर्यावरण आयोगाची म्हणजे टीसीईक्यूची देखरेख. एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, वेगळी. तिच्याकडे रंग आणि कुंपणं, इकडे नळाचं पाणी.

फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत वीज गेली, पंप थांबले आणि राज्यभर नळांचा दाब पडला. दाब २० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला २० पाउंडांच्या) खाली गेला की पाणी उकळून प्यायची नोटीस काढावीच लागते, कारण दाब कमी झालेल्या पाइपात फटींतून बाहेरचं पाणी शिरू शकतं. टेक्सासात १ कोटीहून जास्त लोकांना त्या आठवड्यात पाण्याचा त्रास झाला. मग ८ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ आलं आणि ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून जास्त वीजग्राहक अंधारात गेले, कित्येक जण आठवडाभर. लिफ्ट स्टेशनची वीज गेली की मैलापाणी पुढे ढकललं जात नाही. ते सगळ्यात खालच्या मॅनहोलमधून वर येतं, आणि आमच्याकडे सगळ्यात खालची जागा तळ्याचा काठ आहे.

वीज गेल्यावरही पाणी चालू ठेवायच्या तयारीचा नियम २००८ च्या आइक वादळानंतर हॅरिस आणि फोर्ट बेंड काउंटीत आला, २०२१ नंतर तो बाकी राज्यालाही लागू झाला. पण तयारी म्हणजे कायमचा जनरेटरच, असं त्यात नाही. भाड्याचा फिरता जनरेटर आणायचा करार केला तरी कागदावर भागतं. वादळानंतर तो ट्रक एकाच वेळी सगळ्या डिस्ट्रिक्टना हवा असतो. आपला नंबर कधी लागणार, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

रात्रपाळी

मी विरोधात आहे.

मी मेडिकल सेंटरमध्ये नर्स आहे, घरी पोचायला मध्यरात्र होते. आमच्या गल्लीत गेल्या हिवाळ्यात गाड्या फोडल्या, टपालपेट्या उचकटल्या. शहराची पोलीस नाही, कारण आपण शहरात नाही. काउंटीच्या या भागातले डेप्युटी केवढ्या मोठ्या पट्ट्यात विखुरलेले असतात ते ९११ ला फोन करून वाट पाहिलेल्या माणसाला विचारा. कंत्राटी डेप्युटीचं गणित साधं आहे: डिस्ट्रिक्ट त्याच्या खर्चाचा ठरलेला मोठा वाटा देतो, आणि तेवढा वेळ तो आपल्या हद्दीत राहतो. एक माणूस म्हणजे एकच पाळी. उरलेल्या वेळी आपण रामभरोसे.

वीज काही वर्षांतून एकदा आठवडाभर जाते. रात्र रोज होते. आणि बेरिलच्या आठवड्यात सिग्नल बंद, रस्ते काळेकुट्ट, गॅरेजची दारं हाताने उघडी ठेवलेली, तेव्हा गस्तीची गाडी दिसली की जीव भांड्यात पडायचा.

निवृत्त_नाशिककर

मला तिसरी मागणी अशी शेवटी ढकललेली आवडली नाही. नव्या एमयूडीत कराचा दर १०० डॉलरला १ डॉलरच्या आसपास असणं काही नवलाचं नाही. ४ लाखांच्या घराला वर्षाला ४ हजार डॉलर, फक्त एमयूडीचे. शाळा, काउंटी आणि अग्निशमनाचा ईएसडी (इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट) वेगळे. आम्ही दोघं मुलाजवळ राहायला म्हणून घर घेतलं. घराचं कर्ज फिटलं, पण हा कर मरेपर्यंत सुटणार नाही.

घरं वाढली की तेच कर्ज जास्त लोकांत वाटलं जातं आणि दर उतरायला हवा, हे घर विकताना सगळ्यांना सांगितलं गेलं होतं. आता घरं भरली, तर प्रत्येकाला शिल्लक रकमेतून काहीतरी नवं हवंय. जनरेटर एकदा घेऊन संपत नाही. दर महिन्याला चालवून पाहा, डिझेल बदला, बॅटरी बदला. डेप्युटी तर दरवर्षीचा पगार. आधी दर उतरवा, मग उरेल त्यात काय बसतं ते बघा.

पाणीवाला

मी पाणीपुरवठ्याच्या कामातला इंजिनिअर आहे (दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये, तुमच्या नाही). तुम्ही तिघंही एकाच डब्यातले पैसे मोजताय, पण डबे दोन आहेत.

एमयूडीच्या कराचे दोन भाग असतात. एक बाँड फेडण्याचा, दुसरा देखभाल-चालवणुकीचा. गस्तीचा पैसा दुसऱ्यातूनच जातो, बाँड काढून डेप्युटी ठेवता येत नाही. जनरेटर ही पाण्याच्या यंत्रणेची मालमत्ता आहे, मतदारांनी आधी मंजूर केलेल्या बाँडची मर्यादा शिल्लक असेल तर तो टीसीईक्यूच्या परवानगीने त्यातून घेता येतो. म्हणून बोर्डाला पहिला प्रश्न हा विचारा: मंजूर पण न विकलेले बाँड किती आहेत? आणि हातातली शिल्लक किती महिन्यांच्या खर्चाची?

नाशिककरकाका, तुमच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. २०१९ च्या कायद्यानंतर पूर्ण उभ्या राहिलेल्या डिस्ट्रिक्टला देखभालीच्या भागाचा सरासरी घरावरचा बोजा वर्षात ३.५ टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर मतदान घ्यावं लागतं. म्हणजे आज दर खाली आणलात तर पुढच्या वर्षी गरज पडल्यावर तो सहज वर नेता येणार नाही. बोर्ड दर उतरवायला कचरतात त्यामागे हेही कारण असतं.

मी स्वतः जनरेटरच्या बाजूचा. नळाच्या दाबावर फक्त आपली आंघोळ अवलंबून नाही. आगीचा बंब ईएसडीचा, पण ज्या हायड्रंटला (आग विझवायच्या पाण्याच्या रस्त्यावरच्या नळाला) तो नळी जोडतो तो तुमच्या एमयूडीचा. २०२१ च्या त्याच थंडीत सॅन अँटोनिओजवळ अपार्टमेंटची इमारत पेटली तेव्हा हायड्रंटमधून पाणी मिळेना, टँकरने आणावं लागलं.

तळेकाठी

पाणीवाला, आभार, बाँडचा प्रश्न लेखी पाठवतो. पण त्याने माझा मुद्दा उलट पक्का होतो. जनरेटर बाँडमधून झाला तरी देखभालीची शिल्लक मी लगेच दुसऱ्या डेप्युटीला देणार नाही. आपल्या भागात विहिरींच्या उपशामुळे जमीन खचते, म्हणून भूजल सोडून नदी-तलावाच्या पाण्याकडे वळायचं बंधन आहे. ट्रिनिटी नदीचं पाणी लेक ह्यूस्टनमध्ये आणून, शुद्ध करून इकडे पाठवायच्या त्या प्रचंड कामाचा खर्च प्रादेशिक जल प्राधिकरण दर हजार गॅलनमागे आपल्याच बिलात लावतं. ती आकारणी सुरुवातीपेक्षा कितीतरी वाढली आहे. शिल्लक तिथे लागेल.

दोन_लेकरांची_आई

एवढे प्रतिसाद झाले आणि तळ्याबद्दल एक शब्द नाही. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बुडणं आहे. आपल्या वसाहतीत तीस-चाळीस पावलांवर पाणी नाही असं घर क्वचित. परसातल्या पोहण्याच्या तलावाला कुंपण हवं म्हणून सगळे नियम, आणि त्याच्याहून कितीतरी मोठ्या तळ्याला काही नाही.

माझा धाकटा ऑटिझमचा आहे. अशा बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते आणि कित्येक जण न सांगता निघून जातात. आम्ही दारांना वरच्या कड्या लावल्या, अलार्म लावले. तरी एक दिवस कुणीतरी दार लोटायचं विसरणार, हे डोक्यातून जात नाही. खेळाच्या मैदानाच्या बाजूने कुंपण आणि काठावर जीवरक्षक कडी (बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं), एवढंच मागते आहे. दोन्ही मिळून डेप्युटीच्या पगारापेक्षा स्वस्त पडेल.

काठावरचा_प्लॉट

ताई, तुमची काळजी खरी आहे, तरीही कुंपणाला माझा विरोध राहील. हे तळं शोभेचं दिसतं, पण ते पुराचं पाणी साठवायला खोदलंय. मोठ्या पावसात पाणी पायवाटेवर येतं. तेव्हा कुंपणात फांद्या आणि कचरा अडकतो, पाणी तुंबतं, आणि पहिलं पाणी आमच्या घरात शिरतं. हार्वी वादळात २०१७ साली या शहराने निचरा अडला की काय होतं ते पाहिलंय. शिवाय कुणी पडलं तर वाचवायला धावणाऱ्यालाही कुंपण आडवं येतं. पाण्याच्या दृश्यासाठी आम्ही प्लॉटचे जास्त पैसे मोजले हेही खरं, ते लपवत नाही. मुलांवर नजर ठेवणं हे शेवटी घरच्यांचं काम आहे.

दोन_लेकरांची_आई

नजर ठेवते म्हणूनच लिहिलं. चोवीस तास नजर ठेवणारी आई मला अजून भेटलेली नाही. पोलिसांसाठी सगळ्यांनी पैसे भरायचे आणि मूल बुडण्याची जोखीम मात्र एकेकट्या घराने सोसायची, हे मला मान्य नाही.

पाणीवाला

तळ्याला पूर्ण वेढा घालणं निचऱ्याच्या दृष्टीने अवघड आहे, यात काठावरच्यांचं बरोबर. पण कुंपण नाही म्हणजे काहीच नाही असं का? काठाला लागून पाण्याखाली उथळ, रुंद पायरी ठेवतात, म्हणजे पडलेलं मूल एकदम खोलात जात नाही. तिच्यावर लव्हाळ्यासारखी दाट झाडं लावली की मूल पाण्यापर्यंत पोचतानाच अडखळतं. मैदानाची बाजू पुराच्या पातळीच्या वर असेल तर तेवढ्या बाजूला कुंपण घालायला निचऱ्याची अडचण येत नाही. पाणी बाहेर जातं त्या पाइपाच्या तोंडाशी जाळी आहे का, हे मी आधी पाहीन. पावसात ती ओढ मोठ्या माणसालाही आवरत नाही. आणि तळं कशाने भरतात ते विचारा. काही ठिकाणी प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडतात. ते बागेला चालतं, मुलांच्या पोटात जायला नको, आणि तशी पाटी लागायला हवी.

नळाच्या पाण्याबद्दलही एक सांगून ठेवतो. सप्टेंबर २०२० मध्ये लेक जॅक्सन गावात ६ वर्षांचा मुलगा नाकातून मेंदूत शिरणाऱ्या अमिबाने गेला, आणि तपासात गावच्या पाण्यातही अमिबा सापडला. पाइपाच्या टोकापर्यंत क्लोरिन टिकलं पाहिजे, क्लोरामाइन (क्लोरिन-अमोनियापासूनचं जंतुनाशक) वापरत असाल तर किमान ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. एमयूडीचे लोक मधूनच हायड्रंट उघडून पाणी वाहू देतात तेव्हा आपण नासाडी म्हणून ओरडतो, पण साचलेलं पाणी काढण्यासाठीच ते करावं लागतं. आपल्यातले बरेच जण जलनेती करतात. नळाचं पाणी थेट नाकात घालू नका. उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड घ्या. २०११ मध्ये लुइझियानात नेतीच्या भांड्यातल्या नळाच्या पाण्याने दोन माणसं गेली आहेत. प्यायला चालणारं पाणी नाकाला चालेलच असं नाही.

विसा_रांगेत

मी घर घेतलं २०१६ मध्ये. कर पूर्ण भरतो, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, मतदानाचा हक्क नाही. इथले बरेच मराठी शेजारी याच अवस्थेत आहेत. म्हणून माझं मत जनरेटर, डेप्युटी, कुंपण यांपैकी कशालाच नाही. शहरात सामील व्हा, म्हणजे पोलीस, बंब, पाणी एकाच ठिकाणी विचारता येईल. पाच माणसांच्या बोर्डाची निवडणूक कधी होते हे सुद्धा कुणाला कळत नाही.

निवृत्त_नाशिककर

शहर आपल्याला घेणार नाही. ह्यूस्टनने १९९६ मध्ये हद्दीबाहेरची किंगवुड वसाहत ताब्यात घेतली, त्यावर एवढा भडका उडाला की पुढे त्यांनी तो मार्ग जवळजवळ सोडलाच. आता कायद्याने रहिवाशांच्या संमतीशिवाय बहुतेक ठिकाणी जमतही नाही. आणि शहरात गेलात तर शहराचा करही येतो.

मताचं म्हणाल, तर निवडणूक बऱ्याचदा होतच नाही, कारण जागेइतकेच उमेदवार असतात आणि मग ती रद्द करता येते. पण सभेत बोलायला मत लागत नाही. २०१९ पासून टेक्सासात अजेंड्यावरच्या विषयावर निर्णयाआधी लोकांना बोलू द्यावंच लागतं. तुम्ही या. कर कमी करा म्हणणारा मी तिथे बहुतेक वेळा एकटाच बसलेला असतो.

विसा_रांगेत

हे माहीत नव्हतं, येतो. पण तुमच्या बाजूने बोलणार नाही काका, लेकरांच्या आईच्या बाजूने बोलेन. काठावरच्या कड्या आणि जाळीचा खर्च या वर्षीच्या देखभालीत बसतो, त्याला ना बाँड लागतो ना मतदान.

रात्रपाळी

कड्या, जाळी, मैदानाच्या बाजूचं कुंपण, याला माझाही पाठिंबा. जनरेटर बाँडमधून होत असेल तर त्यालाही अडवणार नाही. पण मग देखभालीची शिल्लक पाण्याच्या संभाव्य दरवाढीसाठी राखून ठेवा, हे तळेकाठींचं म्हणणं मी सभेत खोडणार आहे. दरवाढ आली तर ती बिलात दिसेल, आणि जो जास्त पाणी वापरतो तो जास्त भरेल. रात्री एक वाजता गल्लीत कुणी नसतं, त्याचं बिल कुणालाच येत नाही. दुसऱ्या डेप्युटीची मागणी मी मागे घेत नाही. अर्धी पाळी शेजारच्या डिस्ट्रिक्टबरोबर वाटून घेता येईल का, तेवढं विचारून ठेवते.

तळेकाठी

वाटून घ्यायच्या कल्पनेला माझी हरकत नाही, पूर्ण पगाराला आहे. बाँडची शिल्लक, हातातल्या रकमेचे महिने, फिरत्या जनरेटरच्या करारातला आपला क्रमांक, आणि तळ्याच्या पाइपाची जाळी, हे चार प्रश्न आज रात्री पाठवतो. उत्तर आलं की इथेच टाकतो. सभेला कोण कोण येतंय ते खाली लिहा, लांबची जागा आहे, गाड्या वाटून जाऊ.