पावसात सायकलची वाट वाहून जाते, काय करावं?

प्रश्न: पुण्याच्या टेकडीवर वनखात्याच्या परवानगीने वाट दुरुस्त करतोय. मुरूम टाकला तरी मधोमध घळ पडतेच. आडवे दगड लावू का?

उत्तर १: दगड नकोत. मागे गाळ साचतो, पाणी वरून वाहतं, चाकंही घसरतात. वाटेला दरीकडे ५ टक्के उतार द्या, म्हणजे मीटरभर रुंदीला ५ सेंमी. बाहेरच्या कडेला चढलेला मातीचा वरंबा आधी फावड्याने काढा. पाणी तोच अडवतो.

उत्तर २: वाटेचा चढ मोजलात का? डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त असेल तर पाणी वाटेनेच धावणार. तिथे मुरूम म्हणजे पैसे पाण्यात. वळसा घालून नवी आखा, उतरत्या वाटेत मध्ये मध्ये छोटे उलटे चढ ठेवा, म्हणजे पाणी तिथे वाटेबाहेर पडतं.

उत्तर ३: आणि धुम्मस (माती ठोकून बसवायचं जड अवजार) माती ओलसर असतानाच मारा. मे महिन्याची भुकटी बसत नाही हो.