मदत हवी आहे : वस्तीतल्या लहान मुलांना स्वच्छता आणि घरचं आरोग्य कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीत आम्ही काहीजण संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मुलं दुसरी ते पाचवीतली. जूनपासून आठवड्यातला एक तास स्वच्छता आणि घरच्यांचं आरोग्य यासाठी ठेवायचं ठरलंय, त्याची आखणी माझ्याकडे आहे. शिक्षक, डॉक्टर, वस्तीत काम केलेले, सगळ्यांकडून सल्ला हवाय.

'रोज आंघोळ करा, नखं कापा, परिसर स्वच्छ ठेवा' हे मुलांना तोंडपाठ आहे. पण ज्या घरात नळ नाही, संडासासाठी पहाटे रांग लावावी लागते, त्या घरातलं मूल हे ऐकून एवढंच समजतं की आपलं घर घाणेरडं आणि आपली आई कमी पडते. हे मला अजिबात होऊ द्यायचं नाही. म्हणून मुलांच्या हातात जे आहे तेवढंच शिकवायचं, आणि जे महापालिकेचं काम आहे ते महापालिकेचं म्हणूनच सांगायचं, असं ठरवलंय.

हात धुण्याचा धडा सोपा आहे. तेलात कालवलेली हळद तळहातांना चोळायची आणि आधी नुसत्या पाण्याने हात धुवायला लावायचे. नखांत, बोटांच्या बेचक्यात पिवळं राहतंच. मग साबणाने, दोनचा आणि तीनचा पाढा म्हणून होईपर्यंत. म्हणजे साधारण वीस सेकंद.

खरा प्रश्न पिंपांचा आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटतात. पाणी ओतून दिलं तरी ती कोरडी राहून काही महिने तग धरतात, त्यामुळे पिंप आतून घासावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे पाणी ओतून पिंप घासून कोरडं करायचं. शास्त्र बरोबरच आहे, पण चौथीतल्या एका मुलीने सरळ विचारलं, "ताई, दुसऱ्या दिवशी पाणी नाही आलं तर?" तिचं म्हणणं मला पटतं. पिंपाच्या तोंडाला घट्ट विणीचं कापड बांधायचं आणि पाणी संपत आलेलं असेल त्याच दिवशी घासायचं, एवढंच सुचलंय. आणखी काही करता येईल का?

दुसरं, जुलाबाबद्दल. आमच्याकडच्या आठ-नऊ वर्षांच्या कितीतरी मुली दिवसभर धाकट्या भावंडाला सांभाळतात. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण त्यांना शिकवावं का? मीठ जास्त पडलं तर तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतं. माझं मत असं, की मुलांना फक्त ओआरएसची पुडी शिकवावी : वस्तीतल्या आशा आरोग्यसेविकेकडून आणायची, अख्खी पुडी एका लिटरमध्ये, आणि मोठ्या माणसाला लगेच सांगायचं. पुडी थोडी-थोडी करून पेल्यात टाकायची सवय घराघरांत आहे, ती मोडली तरी खूप झालं. बालरोगतज्ज्ञांनी कृपया यावर लिहावं.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले, ते मुलांनी घरी ऐकलंय. "पाण्याने पाय लुळे कसे पडतात?" असं विचारतात. कॅम्पायलोबॅक्टरसारख्या जंतूंशी लढताना शरीर क्वचित स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं, हे न घाबरवता कसं सांगावं? 'क्वचित' हा शब्द लहान मुलांपर्यंत पोचतच नाही.

पाचवीतल्या मुलींशी पाळीबद्दल वेगळं बोलायचंय. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा हाताने वेगळा करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना ते उघडावं लागत नाही, ही पुण्यातली पद्धत त्यांना त्या ताईंपैकीच कुणी येऊन सांगितली तर फार बरं होईल. कुणाची ओळख असेल तर कळवा.

सावित्रीबाईंची गोष्टही घ्यायची आहे. ३ जानेवारीला मुलं त्यांच्या फोटोला हार घालतात, पण १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला मुंढव्याहून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या, हे फारसं कुणाला माहीत नसतं. आजारी माणसाला दूर लोटायचं नाही, हे मला या तासात हात धुण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

शेवटचा प्रश्न. शिकलेलं घरी पोचावं म्हणून काहीजण तक्ता सुचवतात : घरी हात धुतले, पाणी झाकलं की खूण करायची. पण मूल घरात तपासनीस होऊन आईला टोकायला लागलं तर सगळंच उलटेल. तक्त्याशिवाय हे घरापर्यंत कुणी पोचवलंय का? कसं? आयांना महिन्यातून एकदा बोलवायचं, तर त्यांना कामावरून यायला कोणती वेळ जमते, हेही अनुभवी लोकांनी सांगा.