मेल पडल्याची खबर मेलनंच कशी मिळणार?

रात्रपाळी (धागाकर्ता)

काल दुसऱ्या धाग्यावर, सर्व्हरवर पहारा (मॉनिटरिंग) ठेवण्याबद्दल, पोस्टमास्तर यांनी लिहिलं : "मॉनिटरिंगच्या इशाऱ्यांना मेल पुरेसा आहे. एसएमएस, टेलिग्राम, फोन हे सगळे चोचले. मेल हरवत नाही, आज ना उद्या पोचतोच." हे वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

"आज ना उद्या" हाच तर रोग आहे. न पोचलेला मेल पोस्टफिक्स हे मेल पाठवणारं सॉफ्टवेअर 5 दिवस रांगेत धरून ठेवतं, आणि उशीर होतोय असं कळवणारी सूचना मुळात बंद असते. डिस्क सोमवारी रात्री भरली आणि मेल गुरुवारी आला, तर तो कुणाच्या कामाचा?

1 जानेवारी 2022 आठवा. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज 2016 आणि 2019 या मेलसर्व्हरांमधल्या मालवेअर तपासणाऱ्या इंजिनाला 2201010001 हा तारखेचा आकडा 32 बिटांत बसवता आला नाही, कारण तिथे 2147483647 च्या पुढे मजलच नाही. इंजिन कोसळलं, मेल रांगेत तुंबले. पण मशीन चालू होतं. नुसतं पोर्ट 25, म्हणजे सर्व्हरचं मेल घेणारं दार, तपासणाऱ्या नागिऑस या पहारा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच वावगं दिसणार नव्हतं. आणि रांग वाढल्याचा इशारा मेलनंच जाणार असेल, तर तो त्याच रांगेच्या शेपटीला जाऊन उभा राहणार.

ज्यावर पहारा आहे त्याच्याशी इशाऱ्याच्या वाटेचं काहीही सामाईक नको. लाईन वेगळी, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) वेगळा, वीजसुद्धा वेगळी.

पोस्टमास्तर

माझं वाक्य अर्धं उचललंत. "दुसरा रिले (मेल पुढे पोचवणारा सर्व्हर) ठेवा" हे पुढचं वाक्य सोयीनं गाळलंत.

एका बँकेत मी तुमचा हा प्रकार पाहिलाय. मेल, एसएमएस, टेलिग्राम, सगळीकडे तोच इशारा. सीपीयू जरा वर गेला की तिन्हीकडे घंटा. महिन्याभरात सगळ्यांनी सगळं म्यूट केलं, आणि बॅकअप बंद पडल्याचा इशारा तिन्ही ठिकाणी येऊन पडला होता, वाचला कुणीच नाही. आधी फालतू इशारे कमी करा, मग वाटा वाढवा.

रात्रपाळी

दुसरा रिले शेवटी टाकणार कुठे? त्याच मेलबॉक्सात ना? डिसेंबर 2020 मध्ये जीमेल चालू असलेल्या पत्त्यांनाही "असा पत्ताच नाही" म्हणून 550 देत होतं. 550 म्हणजे कायमचा नकार, पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही. तुमचे दोन काय, चार रिले असते तरी मेल परतच आला असता, आणि परत आलेला मेल नागिऑसच्या युजरच्या खात्यात पडतो. ते खातं उघडतं कोण?

सिमकार्ड

इतकी डोकेफोड कशाला? यूएसबीचा जीएसएम मोडेम, त्यात सिम, वर गॅमू हे एसएमएस पाठवणारं सॉफ्टवेअर. इंटरनेट लागत नाही, डीएनएस लागत नाही. आमच्या कारखान्यात रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली, मेल बंद, टेलिग्राम बंद, तेव्हा एसएमएस तेवढा आला. फक्त मोडेम यूपीएसवर ठेवा आणि 2जी असेल तर त्यात जिओचं सिम घालू नका, चालणार नाही.

टेम्प्लेटग्रस्त

एसएमएसचं नाव काढू नका माझ्यासमोर! डीएलटी, म्हणजे कंपन्यांच्या एसएमएसचे साचे आधी नोंदवून मंजूर करून घ्यायची पद्धत, विसरलात? 8 मार्च 2021 ला टेम्प्लेटची छाननी सुरू झाली आणि देशभर ओटीपी अडकले, दूरसंचार नियामक ट्रायला ती आठवड्यासाठी थांबवावी लागली. इशाऱ्याचा मजकूर दर वेळी वेगळा असतो, तो मंजूर साच्यात बसवणार कसा? एररमध्ये एक कंस जास्त आला की मेसेज वाटेतच गळतो. आमचा साचा कितीदा नाकारला गेला, आणि कारण म्हणून कायम तीच एक ओळ!

सिमकार्ड

अहो, ते गेटवेचं, म्हणजे कंपन्यांचे एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचं, दुखणं आहे. मी साध्या सिमवरून माझ्याच माणसाला मेसेज करतोय, त्याला डीएलटी कशाला?

टेम्प्लेटग्रस्त

पॅकमध्ये दिवसाला 100 एसएमएस मिळतात. एक स्विच गेला की त्यामागचे पन्नास होस्ट (मशीनं) लाल, दोन माणसांना पाठवलेत की कोटा खलास. खरा इशारा त्यानंतर येतो. शिवाय रिचार्ज संपल्याचं कळतं कधी? मोडेमच्या त्या सिमवरचे मेसेज कुणीच वाचत नाही.

सिमकार्ड

स्विचखालचे पन्नास होस्ट वेगळे ओरडत असतील, तर तुम्ही नागिऑसमध्ये पेरेंट (कोणतं मशीन कशामागे आहे ते) लावलेले नाहीत. तो दोष सिमचा नाही. चालवलेलं नसताना शिकवू नका.

टेम्प्लेटग्रस्त

वीस वर्षं हेच करतोय. भाषा सांभाळा. रिचार्जचं उत्तर मात्र दिलं नाहीत.

सिमकार्ड

रोज सकाळी एक चाचणी एसएमएस जातो. तो आला नाही की बघतो. झालं समाधान?

दुबईकर

तुम्ही एसएमएसवर भांडताय, पण हे सगळं पाठवणारं मशीनच मेलं तर? तेव्हा मेलही नाही, एसएमएसही नाही, आणि सगळ्यांना वाटतं सगळं ठीक आहे. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुकचे बीजीपी मार्ग (त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं हे इंटरनेटला सांगणारे) गेले, पाठोपाठ डीएनएस गेलं आणि दुरुस्तीला लागणारी त्यांची आतली साधनंही बंद पडली. सहा तासांच्या आसपास सगळं ठप्प.

प्रोमीथियस हे पहाऱ्याचं सॉफ्टवेअर वापरणारे वॉचडॉग नावाचा इशारा सतत वाजता ठेवतात. तो यायचा थांबला की बाहेरची सेवा फोन करते. सिमकार्ड रोज सकाळी जे करतात तेच, पण दर मिनिटाला आणि माणसाच्या लक्षात राहण्यावर न सोडता.

आणि फोन कुणाला? आमच्याकडे रात्रीच्या फोनचा भत्ता मिळतो. पूर्वी भारतात होते तेव्हा फोन माझा वाजायचा आणि सकाळी नऊला हजेरीही लागायची. भत्ता नसेल तर माणूस फोन बंद करून झोपतो, त्याला दोष देऊ नका. या धाग्यावर हे कुणीच बोललं नाही.

पोस्टमास्तर

भत्त्याबद्दल शंभर टक्के सहमत.

बाकी, 550 चा मुद्दा मानतो. "मेल हरवत नाही" हे वाक्य मागे घेतो, "चोचले" मागे घेत नाही. तातडीचे मोजके इशारे फोनवर, उरलेले मेलवरच. आणि पोर्ट 25 बघून मेल चालू आहे म्हणणं बंद करा. बाहेरच्या मशीनवरून दर दहा मिनिटांनी मेल टाका, आयमॅपनं (मेलबॉक्स वाचायच्या पद्धतीनं) उघडून तो आला का ते पाहा. एक्स्चेंजचं ते दुखणं यात पहिल्या तासातच सापडलं असतं.

रात्रपाळी

ही फेरीची तपासणी मला मान्य आहे. पण ती चुकल्याची खबर तुम्ही कुठून पाठवणार, तेवढं लिहा.

पोस्टमास्तर

फोननं. लिहिलं की वर. वाचत चला.