रविवर्म्याला ‘कॅलेंडरवाला’ म्हणणं आता पुरे

गेरू
परवा चार मित्र बसलो होतो. भारतीय चित्रकलेवर सर्वात टिकाऊ ठसा कुणाचा, असा विषय निघाला. मी राजा रविवर्म्याचं नाव घेतलं, तर एकाने ‘तो कॅलेंडरवाला?’ म्हणून विषयच संपवला. ते मनातून जाईना, म्हणून हा धागा.

डोळे मिटून सरस्वती आठवा. खडकावर बसलेली, मांडीवर वीणा, शेजारी मोर. लक्ष्मी आठवा. कमळावर उभी, मागे हत्ती. तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे येणारा चेहरा, साडीची चुणी, उभं राहायची ढब, सगळं त्याचं आहे. १८९४ साली त्याने आपल्या चित्रांच्या प्रती छापायला मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापाचं काम सोपं नव्हतं. एकेका रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद पुन्हा पुन्हा दाबाखाली जायचा. एक रंग केसभर सरकला की देवीचा ओठ गालावर आलाच.

आजीच्या देवघरात अशी एक लक्ष्मी होती. साडीच्या काठावर कुणीतरी खरी जर चिकटवलेली, काच काढली की बोटाला खरखरीत लागायची. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आला. हे योगदान नाही, तर मग कशाला म्हणायचं?

उंबर
साफ असहमत. चित्र पोचवणं वेगळं आणि चित्रकला पुढे नेणं वेगळं.

त्या छापील लक्ष्मीने किती लक्ष्म्या गिळल्या, हेही बघा. तंजावरची वेगळी, कलकत्त्यातल्या कालीघाटच्या पटावरची वेगळी, कोकणातल्या पिंगुळीच्या चित्रकथीतली (चित्रं दाखवत सांगायच्या कथेतली) माणसं तर डोळ्यांनीच बोलतात. सगळ्यांच्या जागी एक गोरी, गोल चेहऱ्याची, नाटकातल्यासारखी उभी बाई आली. जामिनी रॉय कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला माणूस. तैलरंगातली व्यक्तिचित्रं करून पोट भरत होता. ते सोडून तो पटुआंच्या, म्हणजे बंगालच्या पारंपरिक पटचित्रकारांच्या, रेषेकडे वळला, मातीचे रंग आणि काजळी वापरू लागला. हे धाडस मला मोठं वाटतं.

आणि अमृता शेरगिल. पॅरिसहून शिकून आली, १९३६ मध्ये अजिंठा पाहिला, दक्षिणेत फिरली, आणि पुढच्या वर्षी तिचा ‘ब्रह्मचारी’ आला. पाच जण बसलेत, सावळी उघडी अंगं, पांढरी धोतरं. कुणी कुणाकडे बघत नाही, काही घडत नाही. भारतीय माणसाचा खरा वर्ण आणि त्याचं गप्प बसणं या बाईने कॅनव्हासवर आणलं. १९४१ मध्ये ती गेली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती.

निळीशाई
लोकांपर्यंत पोचणं हाच निकष असेल, तर नंदलाल बोस कुठे गेले? १९३८ च्या हरिपुरा इथल्या काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी फलक रंगवले. चांभार, शिंपी, ढोलकी वाजवणारा, अशी माणसं. ती दालनात नव्हे, उघड्यावर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुतांना दिसावीत म्हणून. त्यात चांभाराला चांभार दिसला. लक्ष्मी दिसण्यापेक्षा हे मोठं नाही का? राज्यघटनेच्या मूळ प्रतीची पानं सजवली तीही त्यांनी आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या विद्यार्थ्यांनीच.

गेरू
उंबर, एकच चेहरा झाला, हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो मलाही बोचतो. पण रविवर्म्याकडे फक्त देव्या नाहीत हो. ‘बघ, बाबा आले’ या अर्थाचं त्याचं १८९३ चं चित्र पाहा. त्याचीच मुलगी, कडेवर बाळ, पायाशी कुत्रं, आणि बाहेरून येणाऱ्या माणसाकडे वळलेली नजर. घरातली साधी वेळ आहे ती. आणखी एक. त्याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळक्यांनी छपाईचं काम केलं होतं. पौराणिक माणसं पडद्यावर कशी दिसावीत, हे १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या प्रेक्षकाला कुणी आधी शिकवलं होतं?

तिरपीरेघ
मी स्वतः रंगवतो, म्हणून राहवत नाही. इतका वेळ सगळे विषयाबद्दल बोलताय. देवी, खेडूत, बाळ. रंगाबद्दल कुणीच नाही.

वासुदेव गायतोंडे. नागपुरात जन्म, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिक्षण. त्यांच्या कॅनव्हाससमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा पाचेक मिनिटं फक्त पिवळा दिसत होता. मग त्या पिवळ्याखालून दुसरा, जुना, थकलेला पिवळा वर यायला लागला. रोलरने थर द्यायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, पुन्हा थर. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. गोष्ट न सांगताही चित्र उभं राहतं, हे आमच्या पिढीला त्यांनी दाखवलं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा आपल्याकडे किती घरांत त्यांचं नाव माहीत होतं? याचं मला फार वाईट वाटतं.

खडूफळा
गेरू, तुमच्या नायकाच्या कीर्तीचा एक तोटा सांगते. हातात दिवा घेतलेली, तळव्याने ज्योत झाकणारी बाई. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हे चित्र लोक सर्रास रविवर्म्याचं म्हणून पाठवतात. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं आहे, समोर उभी राहिली ती त्यांची मुलगी. शिवाय ते जलरंगात आहे! चुकलं तर तैलरंगासारखं झाकायची सोय नाही, उजेड हवा तिथे कागद राखावा लागतो. बोटांच्या फटीतून आलेला तो लालसर प्रकाश त्यांनी एवढ्या जोखमीवर मिळवलाय. मी शाळेत चित्रकला शिकवते. दर वर्षी निदान एक मूल सांगतं, ‘बाई, हे रविवर्म्याचं’.

गेरू
खडूफळा, आत्ता उठून बघून आलो. आमच्या जिन्यात हेच चित्र टांगलंय आणि खाली रविवर्म्याचं नाव छापलंय. वडिलांनी आणलेलं. मागच्या पुठ्ठ्यावर हळदणकरांचं नाव लिहिलं.

उंबर
हे छान केलंत. लक्ष्मीबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. उद्या कालीघाटच्या पटांवर वेगळा धागा काढतो, तिथे भांडू.