दत्तक घेतलेली सिरियन हॅमस्टर: रात्रभर जाळी चावते, हात लावू देत नाही

खिडकीतली_तुळस
नागपूरला एका बदली झालेल्या कुटुंबाकडून सिरियन मादी घेतली आहे. वय साधारण पाच महिने, वजन १२८ ग्रॅम. सोबत आलेलं सामान: ४५ बाय ३० सेंमीचा दुमजली तारेचा पिंजरा, १४ सेंमीचं तारेचं चाक, घरट्यासाठी कापूस आणि दुकानातलं मिश्रण (रंगीत गोळ्या आणि भरपूर सूर्यफूल).

रात्री अकरानंतर जाळी चावत बसते. हात आत घातला की दात लावते. खाण्याची वाटी सकाळी रिकामी दिसते, म्हणून मी पुन्हा भरते. दोन्ही कुल्ल्यांवर एकेक काळा ठिपका आहे, तिथले केस विरळ झालेत. गजकर्ण आहे का? दुकानदार म्हणतो, एकटी आहे म्हणून चावते, जोडीला नर आणा. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे आणि मे महिना तोंडावर आलाय. आधी काय करू?

निशाचर
जोडी अजिबात आणू नका, हे पहिलं. सिरियन हॅमस्टर वयात आला की एकटाच राहतो. दोन एकत्र ठेवले की भांडतात, बऱ्याचदा एकजण मरेपर्यंत. आणि नर-मादी असेल तर फक्त १६ दिवसांत पिल्लं! दुकानदाराला माल खपवायचाय.

जाळी चावणं हा एकटेपणा नाही, जागा कमी पडते आहे. अखंड तळ निदान १०० बाय ५० सेंमी हवा. वरचे मजले त्यात धरायचे नाहीत. या प्राण्याला उंचीचा अंदाज येत नाही, वरून पडून पाय मोडतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मासेवाल्या दुकानातली गळकी काचेची टाकी. ४ बाय दीड फूट मिळाली तर उत्तम, रुंदी जरा कमी पडते पण एकूण तळ जास्तच मिळतो. पाणी भरायचंच नाही, त्यामुळे गळती आपल्याला चालते. वर लाकडी चौकटीत पाव इंची जाळी ठोकून झाकण करा. काचेचं किंवा प्लायचं झाकण नको, हवा कोंडते.

आत एका बाजूला २५ सेंमी आणि दुसऱ्या बाजूला १० सेंमी बिछाना घाला. एवढ्या टाकीत दाबून बसवलेला ९०-१०० लिटर भरतो, सैल मोजला तर त्याहून जास्त लागतो. छोट्या पाकिटांनी भरायला जाल तर दिवाळं निघेल, मोठी गोणी मागवा. कागदी बिछान्यात मधेमधे वाळक्या गवताचे थर द्या आणि तळव्याने दाबून घ्या. नुसता भुरभुरीत बिछाना असेल तर बीळ ढासळतं, मग ती खणणं सोडून देते.

जड वस्तू (चाक, मातीचं मडकं, वाटी) बिछान्यावर ठेवू नका. खालून बोगदा काढला की वरचं ओझं अंगावर येतं. लाकडी पाय लावून थेट काचेच्या तळावर टेकवा.

तारेचं चाक आजच काढा. पट्ट्यांत पाय अडकतो, तळव्याला जखमा होतात. सलग पृष्ठभागाचं, निदान २१ सेंमी, जमलं तर २८ सेंमीचं घ्या. धावताना पाठ सरळ राहिली पाहिजे. डोकं मागे वळत असेल तर चाक लहान आहे. कापूसही फेकून द्या. त्याचे धागे पायाला गुंडाळतात, गालात आणि आतड्यात अडकतात. बिनवासाचा साधा टिश्यू पेपर पट्ट्या न करता तुकडे फाडून टाका, घरटं ती स्वतः बांधते.

नवं घर तयार झालं की जुन्या पिंजऱ्यातला दोन-तीन मुठी वापरलेला बिछाना आणि तिचा साठा तसाच नव्यात टाका. स्वतःचा वास सापडला की निम्मी घबराट जाते.

दाणापाणी
वाटी रिकामी म्हणजे खाल्लं असं नाही. गालात भरून नेलंय आणि घरट्यात पुरलंय. तुम्ही पुन्हा भरता, ती पुन्हा नेते. अशाने ती फक्त सूर्यफूल निवडून खाते आणि गोळ्या पडून राहतात.

दिवसाला एकूण १० ते १२ ग्रॅम कोरडं खाणं, संध्याकाळी एकदाच. काट्यावर मोजून घ्या. निम्म्या गोळ्या (पाकिटावर प्रथिनं १६-१८ टक्के किंवा जास्त लिहिलेल्या, रंग नसलेल्या) आणि निम्मे दाणे: राळा, वरी, बाजरी, ज्वारी, ओट्स, थोडे जवस आणि तीळ. किराणावाल्याकडे सगळं मिळतं. मात्र नुसत्या घरच्या धान्यावर भागत नाही, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कमी पडतात. सूर्यफूल नि भोपळ्याच्या बिया मिळून दिवसाला दोन-तीनच, त्याही हातून द्यायला राखून ठेवा. वाटीऐवजी दाणे बिछान्यावर पसरून टाकलेत तर शोधण्यात तासभर जातो, तेवढी जाळी वाचते.

आठवड्यातून दोनदा मटाराच्या दाण्याएवढं उकडलेलं अंडं, बिनमिठाचं. सुकट देऊ नका, मीठ असतं. भाजीत काकडी, गाजर, कोथिंबीर, ब्रोकोली, नखाएवढा तुकडा. कांदा, लसूण, लिंबू-संत्रं, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, चॉकलेट बंद. गूळ, चिक्की, पाकातलं काहीही नको: गालाच्या पिशवीत चिकटून बसतं आणि तिथे गळू होतं.

साठा उकरून फेकू नका. फक्त ओलं खाणं दुसऱ्या दिवशी शोधून काढा, नाहीतर बुरशी आणि मुंग्या. मुंग्यांसाठी टाकीचं स्टँड पाण्याच्या वाट्यांत उभं करा. विषारी खडूच्या रेघा आणि फवारे त्या खोलीत नकोत.

पाणी दिवसाला साधारण १०-१५ मिली लागतं. बाटलीच्या नळीतली गोळी अडकते आणि बाटली भरलेली दिसत राहते, म्हणून रोज बोटाने गोळी दाबून थेंब येतो का पाहा.

पशुवैद्य_वऱ्हाड
ठिपके गजकर्ण नाहीत. सिरियनला दोन्ही बाजूंना, कुल्ल्याजवळ वासाच्या ग्रंथी असतात. दोन्हीकडे सारख्या जागी, कोरड्या, खवले नसलेल्या असतील तर मलम लावू नका. एकाच बाजूला वाढली, ओली झाली, रक्त आलं तर दाखवा. मादी दर चार दिवसांनी माजावर येते. त्यानंतर पांढरा, घट्ट, वास मारणारा स्राव दिसतो, तोही नेहमीचाच. रोज येऊ लागला, किंवा रक्तमिश्रित असेल तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यायची.

खरी घाई ज्यात असते तो आजार म्हणजे ओली शेपटी. जागा बदलली, खाणं एकदम बदललं की जोर धरतो. लहान पिल्लांत जास्त, पण पाच महिन्यांची म्हणून गाफील राहू नका. शेपटीभोवती ओलं, घाण वास, पाणी पाणी जुलाब, पाठ कमानीसारखी, डोळे अर्धे मिटलेले. दोन-तीन दिवसांत प्राणी जातो, तेव्हा उद्या बघू म्हणायचं नाही. म्हणूनच दाणापाणी यांनी सांगितलेलं खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. जुनं मिश्रण लगेच फेकून देऊ नका.

आणि घरातलं अँटिबायोटिक देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, घातक जंतू माजतात आणि औषधानेच प्राणी मरतो. फक्त कुत्र्या-मांजरांचं काम करणाऱ्या दवाखान्यात जात असाल तर हे स्वतःहून आठवण करून द्या, संकोच नको.

दर आठवड्याला त्याच वाराला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, डब्यात बसवून वजन घ्या. १२८ चं ११५ च्या खाली गेलं तर लक्षणं दिसत नसली तरी दाखवा.

आता नागपूरचा मे. १८ ते २५ अंश तिला बरं, तीसच्या वर धोका सुरू. टाकी खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत, जमिनीलगत. कूलर चालतो, पण झोत थेट टाकीवर नको. मृगाच्या पावसानंतर हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी, तेव्हा एसीच्या खोलीत हलवा. आत कडप्प्याचा वीतभर तुकडा ठेवा, पोट टेकून पडते. गोठवलेली बाटली जुन्या कापडात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवा, आत नको.

पसरून पडली, धापा टाकते, हनुवटी लाळेने ओली, असं दिसलं तर थंड खोलीत न्या, साध्या पाण्याच्या ओल्या कापडाने पाय आणि कान पुसा आणि दवाखाना गाठा. बर्फ लावू नका, तोंडात पाणी ओतू नका. एरवीही आंघोळ कधीच नाही.

खिडकीतली_तुळस
सगळ्यांचे आभार. चार फुटी टाकी बघून ठेवली आहे. तीन प्रश्न राहिले. वखारीतला लाकडाचा भुसा बिछान्याला चालेल का? आंघोळ नाही तर अंग स्वच्छ कसं राहतं? आणि काल मुलाच्या बोटाला चावली, थोडं रक्त आलं. रेबीजचं इंजेक्शन?

पशुवैद्य_वऱ्हाड
घरात वाढलेल्या हॅमस्टरच्या चाव्यातून रेबीजची भीती जवळपास नाहीच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि मुलाच्या डॉक्टरांना धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारा. तिला स्वतःला अलीकडे मांजर-घूस चावली असेल तर मात्र तसं डॉक्टरांना सांगा. घरात कोणी गरोदर असेल तर टाकी साफ करायचं काम त्यांच्याकडे नको. हॅमस्टरकडून, विशेषतः घरातल्या उंदरांशी संपर्क आलेल्या, एक विषाणू येऊ शकतो आणि तो गर्भाला घातक असतो.

निशाचर
वखारीचा भुसा नको. त्यात साग, बाभूळ, चीड, प्लाय सगळं एकत्र असतं, आणि बारीक धूळ फुप्फुसात जाते. चीड-देवदाराचा उग्र वासही बाधतो. कागदी बिछाना किंवा अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाच्या, धूळ काढलेल्या सालपट्या.

अंगाला वाळूची आंघोळ. नदीची वाळू मैद्याच्या नव्हे, रव्याच्या चाळणीने चाळा, पाणी नितळ होईपर्यंत धुवा, कढईत वीस मिनिटं भाजा, गार करून पसरट भांड्यात तीन सेंमी ओता. दगड फोडून केलेली बांधकामाची वाळू टोकदार असते, ती आणि पावडरीसारखी बारीक धूळ दोन्ही वर्ज्य. बऱ्याच जणी त्याच भांड्यात लघवी करतात, म्हणजे तुमचं साफसफाईचं कामही कमी. ओली वाळू दोन-तीन दिवसांनी चमच्याने काढायची. बिछाना मात्र पूर्ण कधी बदलू नका: महिन्याने फार तर एक तृतीयांश, आणि फिनेल नाही.

चावण्याचं: नव्या टाकीत गेल्यावर पाच-सात दिवस हात आत घालू नका, फक्त खाणं-पाणी. दिवसा उठवणं बंद. मग तुमच्या हाताला रात्रभर लागलेला टिश्यूचा तुकडा आत टाका. पुढे संध्याकाळी, ती स्वतः बाहेर आली असताना, हात बिनवासाच्या साबणाने धुऊन तळवा वर करून हात बिछान्यावर सपाट ठेवा, त्यावर एक बी. वरून पकडायला गेलात की तिच्या लेखी घार आली. उचलायचंच असेल तर चहाचा मोठा कप आडवा धरून ती चालत आत शिरेपर्यंत थांबा, मगच उचला. मुलाने जमिनीवर मांडी घालून बसूनच घ्यायची, उभ्याने नाही.

दाणापाणी
+१. आणि झाकणावर दोन्ही बाजूंना कडी लावा. २५ सेंमी बिछान्यावर उभी राहिली की जाळी तिच्या टप्प्यात येते, सैल झाकण नाकाने उचलतात. सुटलीच तर रात्री दिवे घालवून प्रत्येक खोलीत दारं बंद करून मोजून पाच बिया भिंतीलगत ठेवा. सकाळी ज्या खोलीतल्या कमी असतील तिथे फ्रिजच्या मागे आणि सोफ्याच्या खालच्या कापडात आधी बघा.