चौसष्ट-साडेची मस्टँग कशी ओळखायची

फोर्ड मस्टँगचा चासी नंबर ५ पासून सुरू होतो म्हणजे गाडी १९६५ची आणि विकणारा चौसष्ट-साडेची (१९६४च्या मध्यात आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी) म्हणून थापा मारतोय, असं काही जण म्हणतात. हे काही पटलं नाही. मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ला, पण फोर्डने पहिल्या गाडीपासून सगळ्यांवर मॉडेल वर्ष १९६५च लावलं. 'साडे' हे नाव शौकिनांनी मागाहून चिकटवलं. त्यामुळे पहिल्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ना इकडे ना तिकडे.

बघायचं असतं ते चासी नंबरातलं पाचवं अक्षर, म्हणजे इंजिनाचा कोड. यू, एफ किंवा डी असेल तर ऑगस्ट १९६४च्या बदलाआधीची गाडी. सी, ए, टी म्हणजे नंतरची. (के दोन्हीकडे सापडतो, त्यावर विसंबू नका.) नंबर वाचायचा तो बॉनेट उघडून, चालकाच्या बाजूच्या आतल्या एप्रनवर (चाकावरच्या आतल्या पत्र्यावर) ठोकलेला. दारावरची पट्टी बघून खूश होऊ नका, दार काय, केव्हाही बदलता येतं. मग डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा बघा: आधीच्या गाड्यांना डायनॅमो होता, म्हणून 'जेन' (जनरेटर) लिहिलेलं असतं, नंतर अल्टरनेटर आला आणि 'एएलटी' झालं.

आणि कोणी 'चौसष्ट-साडेची फास्टबॅक' (छत मागे सरळ उतरत गेलेली गाडी) म्हणून जास्त पैसे मागत असेल तर सरळ नमस्कार करून निघा. फास्टबॅक आलीच मुळी त्या वर्षीच्या शरदात. सुरुवातीला फक्त हार्डटॉप (पक्क्या छताच्या) आणि कन्व्हर्टिबल (छत उघडणाऱ्या) होत्या.